शिवसागराच्या काठचे रान : वासोट्याच्या वनफेरीची आखणी

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पश्चिमेकडे निघालेला रस्ता बामणोलीच्या दिशेने खाली उतरू लागला, की डोंगरांच्या खोबणीत शिरलेले निळे पाणी दृष्टीस पडते. कोयना धरणाने अडवलेला हा शिवसागर जलाशय. त्याच्या पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्याचे दाट रान आहे आणि त्या रानाच्या माथ्यावर, कोकणात कोसळणाऱ्या कड्याच्या अगदी टोकाला वासोटा किल्ला उभा आहे. एका दिवसात होणारी, दोरखंडाची गरज न लागणारी, बहुतांश सावलीतून जाणारी आणि होडीने सुरू होऊन होडीनेच संपणारी ही भ्रमंती सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुण्याकडील हौशी मंडळींच्या विशेष आवडीची आहे.

ती सोपी की अवघड, याविषयी मात्र जाऊन आलेल्यांत एकमत नसते. एकजण तिला घरच्या मंडळींसह करण्याजोगी सहल म्हणतो, तर दुसरा अंधारात ठेचकाळत उतरल्याच्या कहाण्या सांगतो. वाट दोघांचीही एकच असते. फरक पडतो तो घड्याळाचा. जलाशय ओलांडण्यास लागणारा वेळ, वनखात्याच्या चौकीवरील नोंदणी आणि सूर्यास्तापूर्वी रानाबाहेर पडण्याचे बंधन या तीन गोष्टी ज्याने आदल्या दिवशीच हिशेबात धरल्या, त्याला ही फेरी सुखाची होते. ज्याने केवळ चढाचा विचार केला, त्याची शेवटच्या दोन तासांत दमछाक होते.

जलाशय आणि त्याखालचा मुलूख

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत जाते आणि हेळवाकच्या परिसरात एकाएकी पूर्वेकडे वळते. या वळणाच्या वरच्या अंगास, देशमुखवाडी येथे बांधलेल्या धरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले. आज हा जलाशय पन्नास किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेला असून त्याची वरची टोके तापोळ्याच्या परिसरापर्यंत पोचतात. सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरीही त्याने व्यापली आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपामुळे कोयनेचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना परिचित झाले. जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध हा तेव्हापासून अभ्यासाचा विषय होऊन बसला.

या पाण्याखाली गावे गेली. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील अनेक कुटुंबांना घरदार सोडून सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत नवे संसार मांडावे लागले. सांगली जिल्ह्यातील पुनर्वसित वसाहतींत राहणाऱ्या एखाद्या वृद्धाला आपले मूळ गाव विचारावे, तर उत्तरात कोयनाकाठचे एखादे नाव येते आणि ते नकाशावर शोधू गेल्यास निळा रंग आढळतो. जे काठावर राहिले, त्यांच्याही वाट्याला पुढे स्थलांतर आले. १९८५ साली कोयना अभयारण्य घोषित झाले आणि कालांतराने रानातील कित्येक वस्त्या उठल्या. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे त्यांपैकीच एक गाव. आज होडी जेथे लागते, तेथून पुढे चालताना शेताच्या जुन्या ताली आणि घरांची जोती झाडोऱ्यात डोकावतात. पर्यटक त्यांना किल्ल्याचे अवशेष समजून छायाचित्रे काढतात. प्रत्यक्षात ती अगदी अलीकडच्या माणसांची घरे आहेत.

‘मेट’ या शब्दाचाही येथे खुलासा करावयास हवा. किल्ल्याच्या घेऱ्यात, मोक्याच्या वाटेवर जी पहाऱ्याची चौकी असे, तिला मेट म्हणत. गडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची तेथे चौकशी होई. वनखात्याची चौकी आज नेमकी अशाच ठिकाणी आहे, आणि तिचे कामही फारसे निराळे नाही!

कोयना अभयारण्य आणि दक्षिणेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपल्याकडची चार नावे आहेत. साताऱ्याहून निघून बामणोलीमार्गे वासोट्यास जाणारा भटक्या एकाच दिवसात त्यांतील दोन स्थळांतून जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हिशेब उलटा मांडावा

सहलीची आखणी आपण सकाळपासून सुरू करतो. येथे ती संध्याकाळपासून मागे मोजत करणे हिताचे ठरते. डिसेंबरच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या पूर्व उतारावरील रानात त्याच्या बरेच आधी अंधारून येते. रानात मुक्कामास परवानगी नाही. तेव्हा साडेपाचच्या सुमारास बामणोलीच्या धक्क्यावर परत पोचायचे, हे गृहीत धरून पुढील आकडेमोड करावी. इंजिनाच्या होडीस मेट इंदवलीहून बामणोलीस येण्यास सुमारे दीड तास लागतो, म्हणजे चार वाजता पलीकडचा काठ सोडला पाहिजे. माथ्यावरून उतरण्यास दोन तास धरावेत. याचा अर्थ दोन वाजता गड सोडणे आले. गडावर फिरणे आणि भोजन यांसाठी दीड तास ठेवला, तर साडेबारास वर पोचायला हवे. सवय नसलेल्या मंडळींस चढायला तीन तास लागतात, म्हणून साडेनऊला चालू लागणे भाग आहे. चौकीवरील नोंदणी व तपासणीस अर्धा तास जातो. मागे मोजत गेल्यास होडी बामणोलीहून साडेसातला सुटली पाहिजे, असा निष्कर्ष निघतो.

येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. साताऱ्याहून बामणोली चाळीस किलोमीटरांच्या आत असली, तरी घाटाच्या, वळणांच्या रस्त्याने सव्वा ते दीड तास लागतो. धक्क्यावर गेल्यानंतर होडी ठरवणे, परवान्याची पूर्तता करणे, न्याहारी आणि उशिरा येणाऱ्या सोबत्यांची वाट पाहणे यांत आणखी तासभर सहज निघून जातो. पुणे किंवा सांगलीहून पहाटे निघून त्याच दिवशी वासोटा करू पाहणारा साडेदहा-अकराच्या आत पलीकडच्या काठावर पाऊल ठेवू शकत नाही, आणि मग त्याला माथ्यावर केवळ स्पर्श करून परतावे लागते. शक्य असल्यास आदल्या रात्री बामणोली, शेंबडी किंवा कास परिसरात मुक्काम करावा. काठावरच्या गावांतून घरगुती भोजनाची व राहण्याची सोय होते. थंडीच्या दिवसांत तंबूचीही व्यवस्था मिळते. या मुक्कामाचा खर्च वाचवण्याच्या नादात दुसऱ्या दिवसाचे तीन तास गमावणे हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

आणखी एक पथ्य. साडेबारा ही परतीची वेळ ठरवून टाकावी. त्या वेळी आपण गडाच्या दरवाजापाशी पोचलो असलो तर उत्तमच. पण सोबतची वयस्कर व्यक्ती किंवा लहान मूल वाटेतच थकले असेल आणि माथा अद्याप तासभर दूर असेल, तर तेथूनच उतरावे. गटातील निम्म्या लोकांनी पुढे जायचे आणि निम्म्यांनी रानात बसून राहायचे, हा तोडगा अत्यंत गैरसोयीचा ठरतो. अस्वले आणि गवे असलेल्या रानात थकलेली माणसे एकटी मागे ठेवू नयेत, हे तर आलेच.

रानातील वाट

होडीचा प्रवास हा या फेरीचा सर्वांत निवांत भाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत आलेले दिसते. सकाळी धुके असले तर नावाडी सावकाश चालवतात, त्याबद्दल कुरकुर करू नये. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे; पोहता येते ही सबब येथे चालत नाही, कारण पाणी खोल व थंड आहे. होडीचे भाडे माणशी नसून बहुधा संपूर्ण होडीचे असते. त्यामुळे आठ-दहा जणांचा गट सोयीचा पडतो. दोघा-तिघांनी जायचे असल्यास धक्क्यावर दुसऱ्या गटाशी जमवून घेता येते. भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे, आणि परतीची वेळही नावाड्यास त्याच वेळी सांगावी. दिवसभर तो आपल्यासाठी पलीकडच्या काठावर थांबून असतो.

मेट इंदवलीच्या चौकीवर नावे नोंदवली जातात आणि पिशव्यांची तपासणी होते. प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टने, पिशव्या यांची मोजणी करून अनामत रक्कम ठेवून घेतली जाते, आणि परत येताना तितक्याच वस्तू दाखवल्यावर ती मिळते. काहींना हा जाच वाटतो. पण सह्याद्रीतील इतर गर्दीच्या किल्ल्यांवर साचलेला कचरा ज्याने पाहिला आहे, त्याला वासोट्याची स्वच्छ पायवाट पाहून या मोजणीचे मोल पटेल. खाद्यपदार्थ घरच्या डब्यांतून आणि पाणी धातूच्या किंवा टिकाऊ बाटलीतून नेले, तर मोजण्याजोगे काही उरतच नाही.

चौकीपासून वाट प्रथम जवळजवळ सपाटीने रानात शिरते. सुमारे अर्ध्या ते पाऊण तासात ओढ्याकाठी मारुती आणि गणपती यांच्या मूर्तींचे ठिकाण लागते. उंच झाडांच्या छायेत, पावसाळ्यानंतर काही महिने वाहते पाणी असलेली ही जागा म्हणजे या रानाचा गाभाच म्हणावा. ज्यांच्या गुडघ्यांना चढ मानवत नाही, ज्यांच्यासोबत पाच-सहा वर्षांची मुले आहेत, त्यांनी खुशाल येथवरच यावे. होडीचा फेरफटका, जुन्या गावातील सपाट वाट, ओढ्याकाठची तास-दोन तासांची बैठक आणि परत, एवढ्यानेही दिवस सार्थकी लागतो. किल्ला पाहिल्याखेरीज वासोट्यास गेल्याचे समाधान नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु रान पाहायचे असेल तर ते येथे खाली अधिक चांगले दिसते. वर चढणाऱ्याचे लक्ष आपल्या श्वासाकडे आणि पुढच्याच्या पायांकडे लागलेले असते.

ओढ्यानंतर खरा चढ सुरू होतो. जलाशयाच्या काठापासून माथ्यापर्यंतची एकूण चढाई पाचशे मीटरांच्या आगेमागे आहे. वाट रुळलेली, ठळक असून जंगलामुळे ऊन फारसे लागत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा अशा सदाहरित-निमसदाहरित झाडांची गर्दी, त्यांवर लोंबणाऱ्या जाड वेली आणि मधूनच कारवीची रांग असे या वनाचे स्वरूप आहे. हिवाळ्यात वाळलेल्या पानांचा जाड थर वाटेवर पडतो. चढताना तो मऊ गालिचासारखा वाटतो, उतरताना मात्र त्याखालील सुटे दगड दिसत नाहीत आणि पाय निसटतो. घसरून पडण्याचे बहुतेक प्रसंग उतरणीवर, दुपारी घाईच्या वेळी घडतात. तळव्याला खाचा असलेले बूट आणि हाती एखादी काठी असावी. ती काठी रानातून तोडलेली नसावी, घरून आणावी.

प्राण्यांचे दर्शन हा नशिबाचा भाग. गव्याचे खूर आणि शेण, अस्वलाने उकरलेली वारुळे, सांबराच्या लेंड्या ही येथील हजेरीची पुस्तके आहेत. शेकरूची घरटी आणि तिचा खडखडाट मात्र थोडे थांबले तर अनुभवता येतो. शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ पहाटे पायथ्याशी ऐकू येते. वाघ दिसेल अशी आशा कोणी बाळगू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाच्या रानातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली आणि सह्याद्रीत वाघांची वस्ती पुन्हा नांदावी असा प्रयत्न सुरू झाला. त्या प्रयत्नाला आपल्या गोंगाटाचा उपद्रव न होऊ देणे एवढेच पाहुण्यांच्या हाती आहे. गवा वाटेत आडवा आला तर थांबावे, त्याला जाऊ द्यावे. ओरडणे, दगड मारणे किंवा छायाचित्रासाठी जवळ जाणे हे जिवावर बेतू शकते. उग्र अत्तरे लावू नयेत आणि धूर करू नये, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असतात.

दीड-दोन तास चढल्यानंतर एक फाटा लागतो. येथून एक वाट नागेश्वराकडे जाते आणि दुसरी वासोट्याकडे. फाट्यानंतर झाडी विरळ होते, ऊन जाणवू लागते, आणि खोदीव पायऱ्यांवरून, पडझड झालेल्या पहिल्या दरवाजातून वाट गडाच्या दुसऱ्या दरवाजाशी पोचते.

माथ्यावरील फेरी

आला त्याच वाटेने उतरावे लागत असल्यामुळे वासोट्याची वाट वर्तुळाकार नाही, अशी तक्रार काहीजण करतात. ज्याला वर्तुळ हवे आहे, त्याला ते माथ्यावर मिळते, आणि ते या संपूर्ण दिवसातील सर्वांत सुगम चालणे आहे. प्रवेश करताच समोर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर दिसते. त्याला केंद्र मानून फिरावे. उजव्या हाताची वाट महादेवाच्या मंदिराकडे जाते. पुढे गडाची निमुळती माची असून तिला काळकाईचे ठाणे म्हणतात. येथून चकदेव, पर्वत, महिमंडणगड आणि कोकणच्या बाजूचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे त्रिकूट ओळखता येते. पाठीमागे पाहिल्यास रानाच्या खाली जलाशयाचे फाटे चकाकताना दिसतात. परत मारुतीपाशी येऊन डाव्या हाताने गेले, की पाण्याची जोडटाकी लागतात. त्यांपुढे वाट पुन्हा झाडीत शिरते आणि थेट बाबूकड्यावर उघडते.

बाबूकडा हे वासोट्याचे सर्वस्व. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा हा प्रचंड कातळकडा पाहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण होते. समोर जुना वासोटा हा उंच डोंगर आणि मधे खोल दरी. कड्याच्या टोकावर कठडा नाही, वाऱ्याचा झोत अकस्मात येतो. मुलांना हात धरूनच न्यावे आणि छायाचित्रासाठी कडेला पाठ करून उभे राहू नये.

समोरच्या त्या जुन्या वासोट्याचे इतिहासातील महत्त्व मोठे आहे. १८१८ च्या एप्रिल महिन्यात जनरल प्रिट्झलरच्या इंग्रज फौजेने तेथे तोफा चढवल्या आणि वासोट्यावर भडिमार केला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या परिवारातील मंडळी तेव्हा गडावर नजरकैदेत होती. गड इंग्रजांच्या हाती पडला. त्यापूर्वी, पेशवाईच्या उत्तरकाळात, पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण हिने हा किल्ला बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने झुंजवला होता. आणखी मागे जावे तर १६६० साली तो शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला, आणि व्याघ्रगड हे त्याचे नाव त्या काळापासून रूढ आहे. दुर्गमतेमुळे कैदी ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. जेथून पळून जाणे अशक्य म्हणून कैदी ठेवत, तेथे आपण सुटीच्या दिवशी हौसेने जातो, ही गंमत आहे.

ही संपूर्ण फेरी रमतगमत सव्वा तासात होते. टाक्यांतील पाण्यावर विसंबून न राहता माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे.

नागेश्वराचा मोह

फाट्यावरून नागेश्वरास जाऊन ओढ्याच्या पात्रातून खाली उतरल्यास खऱ्या अर्थाने रानाची प्रदक्षिणा घडते. नागेश्वर ही एका सुळक्यासारख्या डोंगराच्या पोटातील नैसर्गिक गुहा असून आत शिवलिंग आहे, आणि छतातून त्यावर पाण्याचे थेंब ठिबकत असतात. महाशिवरात्रीस कोकणातील चोरवणे गावाच्या बाजूने भाविक येथे चढून येतात. स्थान विलक्षण आहे यात शंका नाही. तथापि वासोटा आणि नागेश्वर ही दोन्ही स्थळे एका दिवसात करणे हे सराईत, चपळ पायांच्या भटक्यांचे काम आहे. वर मांडलेल्या वेळापत्रकात त्यासाठी लागणारे तीन-चार तास कोठूनही निघत नाहीत. ओढ्याच्या पात्रातील उतार मोठमोठ्या धोंड्यांतून आहे, आणि माहीतगाराखेरीज तेथे वाट चुकते. शिवाय त्या वाटेस मोकळीक आहे की नाही, हे चौकीवर विचारूनच ठरवावे लागते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी फाट्यावर मोह आवरावा. नागेश्वरासाठी वेगळा दिवस आणि वाटाड्या राखून ठेवावा.

कधी जावे, काय न्यावे

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हे रान पर्यटकांना बंद असते. नेमक्या तारखा आणि शुल्क हंगामानुसार बदलत असल्याने बामणोलीतील वन कार्यालयात आधी चौकशी करावी. उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओढे वाहते असतात, पण जळवाही असतात. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर हा काळ सर्वोत्तम होय. मार्चपासून पाणी ओसरते, होडी लागण्याची जागा दूर जाते आणि काठावरील भेगाळलेल्या चिखलातून उन्हात चालावे लागते. एप्रिल-मेमध्ये जलाशय खाली गेल्यावर बुडालेल्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात, एवढेच त्या दिवसांचे आकर्षण. वणव्याची भीतीही याच काळात असते.

शनिवार-रविवार आणि नाताळची सुटी टाळता आली तर होडीसाठीचा आणि नोंदणीसाठीचा खोळंबा वाचतो. ओळखपत्राच्या प्रती प्रत्येकाजवळ असाव्यात. पलीकडच्या काठावर भ्रमणध्वनीचा भरवसा नाही, दुकान नाही, दवाखाना नाही. तेव्हा बँडेज, नेहमीची औषधे, विजेरी, गूळ-शेंगदाणे किंवा दशम्या-चटणीसारखी टिकाऊ शिदोरी आणि अंगावर पूर्ण बाह्यांचे, भडक नसलेले कपडे इतके पुरे. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ओढ्यापलीकडे जाण्याचा आग्रह धरू नये, कारण वर काही झाल्यास झोळीत घालून खाली आणणे, मग होडी, मग घाटरस्ता, असा साताऱ्यापर्यंतचा प्रवास अर्ध्या दिवसाचा होतो. परतीची चिंता असलेल्यांना एक सोपा पर्याय म्हणजे कासचा तलाव. सातारा शहरास पाणी पुरवणारा हा तलाव पठाराच्या पलीकडे, झाडीच्या कुशीत आहे. तेथे मोटारीपासून फार दूर न जाता पाण्याकाठची सावली मिळते. मात्र हे पिण्याचे पाणी आहे, त्यात उतरू नये.

जाण्याचा मार्ग

पुण्याकडून येणाऱ्यांनी साताऱ्यास महामार्ग सोडून यवतेश्वर, कास, बामणोली असा मार्ग धरावा. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या आरंभी, कास पठारावर वाहनांची मोठी दाटी असते. महाबळेश्वरी मुक्काम असल्यास तापोळ्यास उतरून तेथूनही होडी मिळते, पण पाण्यावरचा प्रवास अधिक वेळ घेतो. एस.टी.ने जायचे तर साताऱ्याहून बामणोलीस गाड्या आहेत. त्या मोजक्याच असल्याने सुटण्याच्या वेळा सातारा स्थानकावर आदल्या दिवशी विचाराव्यात आणि मुक्काम गृहीत धरावा.

सांगलीकरांना कराड, उंब्रज, सातारा असा महामार्ग सोयीचा. सांगलीहून बामणोलीपर्यंत चार तासांहून अधिक वेळ लागत असल्याने शुक्रवारी दुपारी निघून शनिवारी वासोटा आणि रविवारी सावकाश परत, हा बेत उत्तम. एवढा अवकाश नसेल, तर घराजवळचे सागरेश्वर अभयारण्य आहेच. १९८५ साली घोषित झालेले, सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे हे रान माणसांनी झाडे लावून, जोपासून उभे केले आहे, आणि त्यामागे धों. म. मोहिते यांचे कष्ट आहेत. तेथे जलाशय नाही, पण उघड्याबोडक्या डोंगरावर वाढलेल्या झाडीतून चितळ-सांबरे पाहत अर्ध्या दिवसाचा फेरफटका होतो, आणि वरून कृष्णाकाठची उसाची हिरवी पट्टी नजरेच्या टप्प्यात येते. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आणि सागरेश्वराचा प्राचीन मंदिरसमूह आहे. जलाशयच हवा असेल तर वारणेवरील चांदोली. तेथे मणदूरच्या बाजूने वनखात्याच्या परवानगीने वाहनातून फिरावे लागते. पायी भटकण्यास वाव नाही.